चाळिसाव्या दिवशीची फारकत

तंबू पहाटेच उभा राहिला होता. इदिरची माणसं असल्या कामात कधी चुकायची नाहीत. गल्लीत कुणी गेलं की तंबू, बाकडी, मोठी पातेली, सगळं त्या मंडळाचं. आणि गेझाहेनने बत्तीस वर्षांत एकाही महिन्याची वर्गणी चुकवली नव्हती. त्यामुळे तिसऱ्या दिवशी जसा मान मिळाला तसाच तो आज चाळिसाव्यालाही मिळत होता. प्रार्थना म्हणून धर्मगुरू नुकतेच तंबूत जाऊन बसले होते. घरात लोबानाचा वास कोंडला होता आणि मागच्या अंगणात अस्कले मटणाच्या पातेल्यावर वाकली होती.

विधवेने आज चुलीपाशी यायचं नसतं. शेजारच्या बायकांनी तिला दोनदा हाताला धरून उठवलं, आत नेऊन बसवलं. दोन्ही वेळा ती परत आली. "तुमच्या हातचं त्यांना कधी आवडलं का? मग आज कसं आवडेल?" असं तिने घेनेतला तोंडावर सांगितलं, आणि घेनेत रागावण्याऐवजी रडायलाच लागली. खरं कारण वेगळं होतं. हात रिकामे राहिले की अस्कलेला गेझाहेनचा शेवटचा खोकला ऐकू यायचा.

"माई, जरा बाजूला ये." वोंडवोसेन फोन मुठीत धरून उभा होता. छत्तिशीचा, मिनीबस चालवून खांदे एका बाजूला कललेले. गेझाहेनच्या पहिल्या बायकोचा हा मुलगा नऊ वर्षांचा असताना या घरात आला तेव्हा त्याच्या डोक्यात उवा होत्या आणि तोंडात एकच शब्द होता, 'नको'. अस्कलेने त्याला वाढवला. सावत्र हा शब्द घरात कुणी उच्चारला तर गेझाहेन ताट सरकवून उठायचा.

"इथेच बोल. कांदा खाली लागेल."

"कचेरीतला माणूस येतोय. वारसांच्या चौकशीला. आज दुपारी."

"आज? चाळिसावा आहे म्हणून सांगितलंस का?"

"सांगितलं. म्हणाला, बरंच झालं, सगळे एका जागी भेटतील." वोंडवोसेनने आवाज खाली आणला. "शुक्रवारी मुदत संपते, माई. त्याचा कागद झाल्याशिवाय बँक करार करत नाही. शुक्रवार हुकला तर फ्लॅट पुढच्या नंबराला."

अस्कलेने पातेल्यावर झाकण ठेवलं. चौथ्या मजल्यावरची एक खोली, एक स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. तेही शहराच्या पार टोकाला, बस जिथे संपते तिथून पुढे वीस मिनिटं पायी. एवढ्यासाठी गेझाहेन चौदा वर्षं सरकारी घरांच्या सोडतीच्या याद्यांवर चष्मा लावून बसायचा. आणि नाव निघालं ते तो गेल्यावर तेविसाव्या दिवशी. देवालासुद्धा वेळकाळ कळत नाही, असं अस्कले त्या दिवशी मोठ्याने बोलून गेली होती, आणि मग घाबरून तिने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला होता.

"आत चल," ती म्हणाली. "ताईंना बोलव. लेम्माकाकांनाही. आणि हिरुतला."

"हिरुतला कशाला? ती तमाशा करेल."

"करू दे. घर तिच्याही नावावर होणार आहे ना?"

आतल्या खोलीत पाच माणसं बसली की सहाव्याला पाय ठेवायला जागा नव्हती. मातीच्या भिंतींना गेल्या पावसात पडलेली भेग गेझाहेनने सिमेंटने बुजवली होती, पण ओल काही गेली नव्हती. हे घर सरकारी भाड्याचं, त्याच्या नावावरचं. गल्लीतली सगळी घरं रस्त्यासाठी पाडायची म्हणून दारावर लाल आकडा रंगवून गेले होते, त्याला दोन महिने झाले. फ्लॅट घेतला नाही तरी हे घर जाणारच होतं.

लेम्माकाका, इदिरचे अध्यक्ष, काठी दोन गुडघ्यांत धरून पलंगावर बसले. त्यांच्याशेजारी गेझाहेनची थोरली बहीण एतागेन. ती बसली की पलंगावर दुसऱ्या कुणाला बसायची छाती व्हायची नाही. काकांनी तेवढी सूट वयामुळे घेतली होती. हिरुत दाराला पाठ लावून उभी राहिली. चोवीस वर्षांची, औषधांच्या दुकानात कामाला, बापाचं नाक आणि बापाचाच हट्ट.

"तर मग आज लबाडी उघडी पडणार," एतागेन म्हणाली. "मी तेव्हाच सांगितलं होतं. देवळात डोक्यावर मुकुट घालून लावलेलं लग्न, आणि ते कोर्टात जाऊन मोडायचं! एका घरासाठी!"

"दोन घरांसाठी, आत्या," हिरुत म्हणाली. "निदान लबाडी तरी पूर्ण सांग."

कुणी हसलं नाही. अस्कलेने मान खाली घातली, कारण ती युक्ती तिची होती. चौदा वर्षांपूर्वी सोडतीचे अर्ज निघाले तेव्हा नियम साधा होता: नवरा-बायकोला मिळून एक अर्ज. पिठाच्या गिरणीवर बायका बोलत होत्या, फारकतीचा कागद केला की दोघांचे दोन अर्ज होतात, दुप्पट नशीब. अस्कलेने ते घरी आणलं. गेझाहेन तीन दिवस तिच्याशी बोलला नाही, चौथ्या दिवशी गेला आणि सही करून आला. कोर्टातून बाहेर पडल्यावर दोघांनी समोरच्या हॉटेलात एका ताटात जेवण केलं आणि तो एवढा हसला की घास अडकला. पुढे किती वर्षं कामावरून आला की स्वतःच्याच दारावर टकटक करायचा. "आत येऊ का? आता आपला काही हक्क नाही म्हणतात." चावी हातात आली की पुन्हा लग्न करायचं, असं ठरलं होतं. हिरुतच्या कॉलेजपायी अस्कलेने अर्जासाठी दरमहा भरायचं स्वतःचं बचतीचं खातं मोडलं, म्हणून तिचा अर्ज बाद झाला. मग विकायला इंजेराच्या आंबट भाकऱ्या भाजून जे मिळे ते ती त्याच्या खात्यात भरत राहिली. एकाचं निघालं काय नि दुसऱ्याचं निघालं काय, राहणार तर दोघं एकाच छपराखाली होते.

"नीट ऐका," लेम्माकाका म्हणाले. त्यांना भांडणाआधी हिशेब स्वच्छ मांडायची सवय होती. "रस्ते दोन आहेत. अस्कले त्याची बायको होती, शेवटच्या श्वासापर्यंत याच घरात होती, असं आमचं मंडळ लिहून देईल. अख्खी गल्ली सही करेल. कोर्ट ते मानतं, मी पाहिलंय. मग अर्धं घर हिचं, उरलेलं दोन्ही लेकरांचं."

"मग द्या ना लिहून!" हिरुत म्हणाली.

"आणि ज्या दिवशी ते पत्र कचेरीत पोचेल, त्याच दिवशी कचेरी विचारेल, एका घरातून दोन अर्ज कसे? नाव रद्द. फ्लॅट पुढच्या नंबराला. भरलेले पैसे मिळतील परत, त्यात या शहरात आता दार आणि खिडकी येते."

"दुसरा रस्ता?" एतागेनने विचारलं, पण तिला तो ठाऊक होता.

वोंडवोसेनने घसा खाकरला. "फारकत खरी होती म्हणायचं. माई इथे राहत नव्हती. बाप आणि मुलगी राहत होते. घर हिरुतच्या आणि माझ्या नावावर. राहायचं सगळ्यांनी मिळून. मी काय माईला बाहेर काढणार आहे?"

"तू नाही काढणार," एतागेन म्हणाली. "तुझी बायको काढेल. तुझ्या त्सिगेला मी ओळखते. पहिल्या महिन्यात कोपरा देईल, दुसऱ्या महिन्यात विचारेल, या कोण?"

"आत्या, माझ्या बायकोवर जाऊ नकोस. पत्र्याच्या खोलीत दोन पोरांना घेऊन राहते ती. पावसात पलंगावर भांडी मांडून बसते. तिलाही छप्पर हवंय, त्यात गुन्हा काय?"

"गुन्हा हा, की माझा भाऊ चाळीस दिवसांपूर्वी गेला आणि आज तू म्हणतोस त्याला बायकोच नव्हती! मग त्याचं तोंड कुणी पुसलं? कुत्र्याने?"

"मी पुसलं," अस्कले म्हणाली.

तिने डोळे वर केले नाहीत. बोटांना लागलेलं तिखट ती पदराला पुसत होती, आणि पदर काळा असल्यामुळे काही दिसत नव्हतं.

"आई, तू सांग," हिरुत तिच्यासमोर उकिडवी बसली. "खरं सांगू या. जाऊ दे तो फ्लॅट. मी भाड्याने खोली बघते, दोघी राहू. तू त्यांची बायको होतीस. तू अठ्ठावीस वर्षं... आणि आता एका कारकुनासमोर तू कुणीच नाहीस म्हणायचं? मला नाही जमणार. मी सांगून ठेवते, त्याने मला विचारलं तर मी खरं सांगणार."

"खोलीचं भाडं किती?"

"बघू ना."

"मी बघितलंय. तुझा पूर्ण पगार आणि वर तीनशे बिर. आणि त्या भाड्याच्या खोलीत मला चूल पेटवू देतील? इंजेराचा धूर कुणाला चालतो? मग खायचं काय?"

"फ्लॅटमध्ये तरी कुठे चूल पेटणार आहे? चौथ्या मजल्यावर?"

"नाही पेटणार," अस्कले म्हणाली. "पण तिथून तुला कुणी उठवणार नाही. मी असेन, नसेन."

तिला बोलताना स्वतःचाच राग येत होता. मुलीच्या बाजूने बोलावं, त्याची बायको होते म्हणून तंबूत जाऊन ओरडावं, असं तिला आतून वाटत होतं. आणि तोंडातून निघत होतं ते वोंडवोसेनचं म्हणणं. वोंडवोसेनलाही ते अनपेक्षित होतं. तो पुढे आला आणि तिच्या पायांशी बसला, लहानपणी उवा काढायला बसायचा तसा.

"ताई," अस्कले नणंदेकडे वळली, "हिरुतला तुमच्याकडे ठेवून घ्याल?"

एतागेनचा चेहरा उतरला. ती स्वतः मुलाच्या घरी पडद्यामागे झोपत होती. सून तिला कॉफी द्यायची तीही फुंकून, लवकर संपावी म्हणून. हे सगळ्यांना माहीत होतं, पण आजवर कुणी तिच्या तोंडावर काढलं नव्हतं.

"कुठे ठेवू?" एतागेन हळू म्हणाली. पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज कामाला लागलेला होता. "तो माणूस आल्यावर ही कुठे असेल? घरातून हलवली तर गल्लीत दिसेल, आणि ही अशी काळ्यात. कुठल्या बाईला टाकलेल्या नवऱ्याचं एवढं सुतक असतं?"

"देवळात जाऊन बसू दे," वोंडवोसेन म्हणाला.

"आणि वाढणार कोण? नाही. ही इथेच राहील. स्वयंपाकाला लावलेली बाई म्हणून. मोठ्या जेवणांना बोलावतातच की. घेनेतचा तो पिठाचा झगा आण, वरून घालायला."

"आत्या!" हिरुत उठून उभी राहिली. "तू पण?"

"मी पण," एतागेन म्हणाली. "तुझ्या बापाने तरी माझं कुठे ऐकलं? ही दोघं तेव्हाही हसत होती आणि मी एकटीच रडत होते."

लेम्माकाका काठीवर जोर देऊन उठले. "अस्कले, पोरी, एकदा बोललीस की परत घेता येणार नाही. उद्या तू इदिरकडे आलीस तरी आम्ही तुला त्याची विधवा म्हणून लिहू शकणार नाही. तू मालकीण नाहीस आणि भाडेकरूही नाहीस. त्या घरात तू फक्त त्यांच्या मर्जीवर. कळतंय ना?"

"कळतंय, काका."

"गल्लीला मी सांगतो." ते दारापाशी थांबले. "ज्यांनी तुझ्या लग्नात नाच केला त्यांनाच सांगायचंय."

हिरुत त्यांच्याआधी बाहेर पडली. दार एवढ्या जोरात आपटलं की भिंतीची माती पडली.

कचेरीतला माणूस दोन वाजता आला. अस्कलेने कुणी उर्मट, पोट सुटलेला गृहस्थ डोळ्यांसमोर आणला होता, म्हणजे खोटं बोलणं सोपं गेलं असतं. हा तिशीतला, सभ्य, बुटांवर धूळ, काखेत फाइल. तंबूत शिरताना त्याने डोकं झुकवलं, "देव तुम्हाला धीर देवो" म्हणाला, आणि बसायच्या आधी हात धुवायला पाणी मागितलं.

लेम्माकाकांनी त्याला आपल्याशेजारी बसवलं. आजूबाजूची साठ-सत्तर माणसं जेवत होती आणि कुणी बोलत नव्हतं. मौतीच्या जेवणात इतकी शांतता नसते. गेलेल्या माणसाच्या गोष्टी निघतात, थोडं हसणंही होतं. पण गेझाहेनची कुठलीही गोष्ट काढली तर तिच्यात अस्कले येणार होती, म्हणून सगळी गल्ली खाली मान घालून चावत बसली होती.

"मयत इथे कुणाबरोबर राहत होते?"

"मुलीबरोबर."

"फारकत झालेली दिसते. चौदा वर्षांपूर्वी." त्याने फाइलमधला कागद उलटला. "बायकोचाही अर्ज होता त्या वेळी. बाद झालाय. त्या बाई येऊन-जाऊन असायच्या का?"

लेम्माकाकांनी तेल्लाचा, घरी गाळलेल्या बिअरचा, पेला उचलला, प्यायले, ओठ पुसले. "मी तर नाही पाहिली."

"तुम्ही?" त्याने घेनेतला विचारलं. घेनेतने नुसती मान हलवली. तिचा घास तोंडातच होता.

अस्कले ताट घेऊन आली. पिठाच्या झग्याची बटणं तिने गळ्यापर्यंत लावली होती. तिने त्याच्यासमोर इंजेरा पसरला, मधोमध मटण वाढलं, बाजूला मसूर. सवयीचे हात होते.

"ह्या कोण?"

"स्वयंपाकाला बोलावलंय," एतागेन पलीकडून म्हणाली.

"हो साहेब," अस्कले म्हणाली. "अशा जेवणांना जाते मी. बोलावतील तिथे."

त्याने एक घास घेतला, आणखी एक घेतला. "बाई, तुमच्या हाताला चव आहे. माझ्या आईनंतर असं मटण नाही खाल्लं." तो मनापासून म्हणाला. अस्कलेने मान लववली. तो वाईट माणूस नाही, हे तिला फार बोचलं.

वोंडवोसेनचं काम पाच मिनिटांत झालं. जन्माचा दाखला, ओळखपत्र, सही. सही करताना तो माईकडे बघणार, तेवढ्यात त्याने स्वतःला आवरलं.

"आणि मुलगी?"

हिरुत तंबूच्या दुसऱ्या टोकाला, खांबाला टेकून उभी होती. ती सावकाश चालत आली. मी खरं सांगणार, असं पोरगी बोलली होती, आणि बोललेलं मोडणारी ती नव्हती. एतागेनने डोळे मिटले. वोंडवोसेनच्या हातातला पेन टेबलावर पडून घरंगळला आणि तो उचलायला कुणी वाकलं नाही.

"बस ना," तो माणूस म्हणाला. हिरुत बसली. "दाखल्यावर आईचं नाव आहे, अस्कले. त्या कुठे असतात?"

अस्कले तिच्यापासून दोन हातांवर पातेलं घेऊन उभी होती. आता बोलेल, अस्कलेला वाटलं. तिने बोलावं असंही एक क्षण वाटलं, जिवाच्या आकांताने वाटलं. म्हणू दे, हीच माझी आई. जाऊ दे घर.

"माहीत नाही," हिरुत म्हणाली.

"वारल्या?"

"सोडून गेली. मी लहान होते."

"कधी भेटायला? पत्र, फोन?"

"नाही." हिरुतचा आवाज सपाट होता. ती त्या माणसाच्या डोळ्यांत बघत होती, पापणीसुद्धा हलत नव्हती. "तिला माझी गरज नव्हती. मग मीही शोधली नाही."

"आणि वडिलांच्या आजारपणात?"

"मीच होते."

त्याने लिहून घेतलं. लिहिताना जिभेने च्च केलं, मान हलवली. "कसल्या एकेक बायका असतात," तो लेम्माकाकांना म्हणाला, "पोटच्या पोरीला टाकून जातात." काकांनी काठीची मूठ घट्ट धरली. तंबूत कुणीतरी हुंदका दिला. तो माणूस समजला, गेलेल्यासाठी.

त्याने कागद पुढे केला. हिरुतने सही केली. वारस दोन. तिसरं कुणी नाही. त्याने शिक्का मारला, फाइल बंद केली, आणि गुरुवारीच बँकेत जा, शुक्रवारची वाट बघू नका, असं भावा-बहिणीला बजावलं. काम झालं होतं. फ्लॅट त्यांचा झाला होता. अस्कलेला आनंद व्हायला हवा होता. मुलगी आपल्याहून खंबीर निघाली याचा तिला अभिमान वाटला, आणि त्याच वेळी आपलं कुणीतरी दुसरंच माणूस आज गेलं असंही वाटलं.

तो माणूस उठता उठता पुन्हा खाली बसला. हिरुतसमोरचं ताट कोरडं होतं. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"बाई," त्याने अस्कलेला हाक मारली, "हिला वाढा बरं आधी. आई नाही बिचारीला, कोण बघणार?"

अस्कले पुढे झाली. तिने इंजेरा मांडला, त्यावर मटण वाढलं, हिरुतला आवडतं तसं रस्सा कमी आणि हाडाचा तुकडा वर. आणखी एक डाव भरून घेतला. पोरीने ताटावर आडवा हात धरला.

"पुरे, बाई," हिरुत म्हणाली.